टायरवरची अक्षरं

मावशीची नजर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याआधी ती छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाची उलटी अक्षरं बोटांनी चाचपून ओळखायची सवय हातात इतकी मुरली होती, की डोळे गेले तरी बोटं वाचायची थांबली नाहीत. भिंतीवरची पाटी असो की बरणीचं झाकण, हाताला उठाव लागला की ती वाचणारच.

भाचीनं जुनी गाडी घेतली, तेव्हा मावशी म्हणाली, "मला नीट बघू दे." तिनं बॉनेटवरून हात फिरवला, आरसे चाचपले आणि पुढच्या चाकापाशी येऊन उकिडवी बसली.

"अगं, यावर तर मजकूर आहे!"

"कंपनीचं नाव असेल."

"नाव आहेच. पुढे दोन-शून्य-पाच, तिरकी रेघ, पाच-पाच, मग आर, मग सोळा. सुलटी अक्षरं, बाई! किती सोपं."

भाची गाडी धूत होती. हातातलं फडकं तसंच ठेवून तिनं फोनवर शोधलं. "दोनशे पाच ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. पंचावन्न म्हणजे बाजूची उंची, रुंदीच्या पंचावन्न टक्के. आर म्हणजे रेडियल, आतले धागे मधून कडेकडे सरळ गेलेत. आणि सोळा हा रिमचा व्यास, इंचात."

"एक माप मिलिमीटरमध्ये, एक टक्क्यांत, एक इंचात?" मावशीला हसू आवरेना. "असा मजकूर आमच्याकडे आला असता, तर मुद्रितशोधकानं डोकं धरलं असतं. मग हे एक्क्याण्णव आणि व्ही?"

"एका टायरनं किती वजन पेलायचं आणि जास्तीत जास्त किती वेग सोसायचा, त्याच्या खुणा."

एवढ्यानं मावशीचं समाधान कुठलं व्हायला! ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या पुढच्या चाकापाशी गेली. तिथं 'रोटेशन' हा शब्द होता आणि त्याच्याशेजारी बाण. ती परत पहिल्या चाकाकडे आली. तिथंही तोच शब्द, तसाच बाण. दोन्हीकडे पुन्हा बोट फिरवून तिनं हवेत चाक फिरवल्यासारखा हात फिरवून पाहिला.

"काय झालं?"

"पलीकडचं चाक बाणाप्रमाणे फिरलं, तर गाडी पुढे जाईल. हे फिरलं, तर मागे."

भाचीनं स्वतः खाली बसून पाहिलं. मग तिला तो घूं घूं आवाज आठवला. गाडी घेतल्यापासून तो येत होता. गॅरेजमध्ये दाखवूनही झालं होतं. ओल्या रस्त्यावर गाडी जरा तरंगल्यासारखी वाटायची, पण आपलाच हात अजून बसला नसेल, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं.

दोघी तशाच गॅरेजवर गेल्या. मेकॅनिकनं बाण पाहिला आणि कपाळावर हात मारला. "टायर रिमवर उलटा चढवलाय! मी बेअरिंग तपासलं, चाकाचा तोल तपासला, पण इकडे लक्षच गेलं नाही."

त्यानं टायर रिमवरून उतरवला. मावशीनं विचारलं, "हात लावू का?"

"लावा की. हात तेवढे काळे होतील."

"शाईनं आयुष्यभर काळेच होते."

खाचा मधून निघून तिरक्या कडेकडे गेलेल्या होत्या. मेकॅनिकनं सांगितलं, की चाक बरोबर दिशेनं फिरलं तर या खाचा पाणी बाहेर फेकतात. उलटं फिरलं तर पाणी मधेच कोंडतं आणि रस्त्यावरची पकड सुटते. मावशीचं बोट एका खाचेच्या तळाशी अडलं. "हा उंचवटा कसला?"

"झिजेची खूण. रबर झिजून त्या उंचवट्याला टेकलं, की टायर बदलायचा."

"म्हणजे जन्मतःच निवृत्तीची तारीख पोटात घेऊन आलाय बिचारा."

मेकॅनिक खळखळून हसला. मग तिनं न विचारताच त्यानं कोपऱ्यातला ट्रकचा एक टायर घरंगळत तिच्यापुढे आणला. "आता हा वाचा." भाचीला घरी जायची घाई होती, पण तीही खाली बसली आणि मावशीच्या बोटामागोमाग आपलं बोट फिरवू लागली.

टायर सुलटा बसवून घेऊन दोघी परत निघाल्या, तेव्हा घूं घूं आवाज गेला होता. भाचीनं मुद्दाम लांबचा रस्ता धरला. एका चौकात नुकतंच पाणी शिंपडलं होतं, तिथूनही गाडी पकड न सोडता वळली. भाचीच्या खांद्यांवरचा ताण उतरला.

मावशीनं मात्र मान वळवून कान टवकारले. "थांब, थांब. मागच्या दारात काहीतरी बारीक खडखडतंय. काय असेल गं ते?"