बिजलीचा खुराक

मी सुट्टीवर येतो तो भांडायलाच, असं आई म्हणते. खरं आहे ते. शिरवळच्या कंपनीत मशीनसमोर मुकाट उभा असतो, म्हणून घरच्यांवर तोंड सुटतं. या खेपेला निमित्त बिजलीचं झालं.

बिजली म्हणजे आमची मेंढरं राखणारी कुत्री. उन्हाळ्यात आमचा कळप पलूसजवळ रहिमानचाचांच्या मोकळ्या रानात बसवलेला असतो. त्यांच्या रानाला खत मिळतं, आम्हाला मुक्कामाला जागा. मी पोहोचलो तेव्हा माझे वडील, आप्पा, तिला ताकात भाकरी कुस्करून देत होते आणि तिच्या फासळ्या लांबूनही दिसत होत्या. माझं डोकंच फिरलं. कळपासाठी जिवावर उदार होणाऱ्या जनावराला दोन्ही वेळा शिळी भाकरी? मी आप्पांना नाही नाही ते बोललो. चिकट म्हणालो, अडाणी म्हणालो. मेंढरू जरा शिंकलं की औषधाला धावता, हिच्याकडे मात्र ढुंकून बघत नाही, असंही म्हणालो. वय झालंय तिचं, आता अंग धरायची नाही, असं ते म्हणाले, तर मी आणखीच भडकलो.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तिचा खुराक सुरू केला. उकडलेलं अंडं, शिजवलेला लाल भोपळा, गाजर, थोडी कलेजी, वर दही. बिजली ताटली चाटूनपुसून साफ करायची. चार दिवसांत ती शेपूट हलवत माझ्यामागे फिरायला लागली आणि मी ते आप्पांना मुद्दाम दाखवत होतो. त्यांची जिरवायची होती मला.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पलीकडे चाचांच्या शेडवर बेदाणा निवडायचं काम चालू होतं. आमच्याकडे अशक्त माणसाला भिजवलेला बेदाणा देतात. लहानपणी टायफॉइडमधून उठलो तेव्हा आईने मलाही महिनाभर दिला होता. व्हिडिओत बेदाणा कुठेच नव्हता, तो मी माझ्या अकलेने घातला. चाचांकडून पिशवीभर मागून आणला आणि भिजवून दोन ओंजळी भोपळ्यात कालवला.

"सूरज, कुत्र्याला गोड कशाला रं?" आप्पांनी विचारलं. तुम्हाला काय कळतंय, म्हणून मी त्यांना गप्प केलं.

सकाळी ती ओकली. चांगल्याचुंगल्याची सवय नाही पोटाला, असं मीच ठरवून टाकलं आणि तेही खापर आप्पांवरच फोडलं. संध्याकाळी तिने पाण्यालाही तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना, लघवीही बंद झाली होती. चाचांनी टेम्पो काढला आणि आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काय काय खायला घातलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी अंडं, भोपळा, गाजर, दही असं ऐटीत सांगितलं. ते मान डोलवत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "द्राक्षं किंवा बेदाणा नाही ना दिला? कुत्र्याला ते विष असतं. मूत्रपिंडं निकामी होतात."

मी आप्पांकडे बघितलं.

"म्या दिला," आप्पा म्हणाले.

डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच तापले. जन्म कुत्र्यांबरोबर गेला तरी एवढं कळत नाही का, पहिल्या दिवशीच आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं बरंच बोलले. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. आठवडाभर त्यांना अडाणी म्हणणारा मी शेजारीच उभा होतो आणि माझ्याकडून एक शब्द निघाला नाही.

दुपारी सलाईन चालू असतानाच बिजली गेली.

परतताना आम्ही दोघं टेम्पोच्या हौद्यात होतो, मध्ये पोत्यावर ती. माझा बांध तिथे फुटला. खोटं का बोललात, तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं पाप अंगावर घ्यायला, असं मी ओरडत होतो. इतका, की चाचांनी गाडीचा वेग कमी केला. आप्पांनी तिच्या अंगावरचा हात काढला नाही.

"मी आता कुत्रं न्हाई पाळायचो," ते म्हणाले. "तू पाळशील. त्याला खाया घालताना तुझा हात आखडाय नगो, म्हून."

मला त्यांचा भयंकर राग आला. निदान एक शिवी तरी द्यायची होती त्यांनी मला.