शिडं शिवणारा म्हातारा

"कादंबरीत तो बुडत नाही," त्याची बायको शेजारच्या खुर्चीतून उठून म्हणाली.

वाचक मंडळाने एका जुन्या दर्यावर्दी कादंबरीवरचा सिनेमा नुकताच दाखवला होता. दिवे लागले होते आणि कादंबरी सरस की सिनेमा, यावर चर्चा रंगली होती. डोळे गेल्यापासून बायको सिनेमा कानांनीच बघायची. जहाजावरचा शिडं शिवणारा म्हातारा दोर कापून बाकीच्यांना वाचवतो आणि स्वतः लाटेबरोबर जातो, हे तिला पडद्यावरच्या आरडाओरड्यावरून कळलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. ते हसून म्हणाले, "वहिनी, तो कादंबरीतही बुडतोच. सिनेमावाल्यांनी बाकी पुष्कळ वाट लावलीय, पण तेवढं जसंच्या तसं ठेवलंय."

"मग तुम्ही पानं गाळून वाचलीत, डॉक्टर. तो फळीला धरून राहतो. दुसरं गलबत येतं, त्याला घोंगडीत गुंडाळतात, गरम चहा देतात." लोक हसले. तीही हसली. "ह्यांनी मला अक्षरन् अक्षर वाचून दाखवलंय. जन्मभर प्रुफं तपासलेला माणूस. वेलांटीसुद्धा इकडची तिकडे होऊ देणार नाही. सांगा हो यांना."

ते पान त्याला पाठ होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आता इलाज नाही म्हणून सांगितलं, त्याच संध्याकाळी ते वाचायची वेळ आली होती. तिने विचारलं होतं, "म्हातारा वाचतो ना हो?" नोकरीत त्याने कधी लेखकाचा स्वल्पविरामही न विचारता हलवला नव्हता. त्या संध्याकाळी मात्र त्याने पुस्तकावर नजर ठेवून दोन पानं मनाने रचली. चहासुद्धा त्याचाच.

सगळी सभा त्याच्याकडे बघत होती. छपाईत चूक आहे म्हणावं, वेगळी आवृत्ती होती म्हणावं. जीभ तशी वळतही होती. पण अध्यक्षांसमोर कादंबरी पडली होती. कुणी ते पान तिला वाचून दाखवलं असतं तर?

"बुडतो," तो म्हणाला.

ती चाचपडत खुर्चीत बसली. चर्चा पुढे सरकली.

घरी येईपर्यंत तिने त्याचा दंड धरला होता, नेहमीसारखाच. दार उघडल्यावर म्हणाली, "वाचा ते पान."

त्याने वाचलं. म्हातारा चार ओळींत संपला.

"एवढंच?"

"एवढंच."

"तुमचाच शेवट बरा होता," ती म्हणाली. "पण चारचौघांत मी तुमच्या भरवशावर उभी राहिले होते."

"माझं चुकलं गं."

"चुकलं ते चुकलं. जेवून घ्या."

त्यानंतर ती रागावली नाही, अबोला धरला नाही. त्याला वाटलं, निभावलं. पुढच्या आठवड्यात त्याने नवं पुस्तक काढलं, तीही उशी पाठीशी घेऊन बसली. लहानपणी हरवलेली एक मुलगी, तिला शोधत फिरणारी आई. शेवटच्या प्रकरणात दारावर थाप पडते, आई दार उघडते, समोर मुलगी. तो थांबून बायकोकडे बघू लागला.

"असू दे," ती मायेने म्हणाली. "मी काही लहान नाही. खरं काय झालं ते सांगा."

"अगं, खरंच येते ती. असंच छापलंय."

"बरं."

"तुझी शपथ."

"बरं म्हटलं ना."

त्याने तिचा हात घेतला, तिचं बोट त्या ओळीवर टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. कागद गुळगुळीत होता, बोटाला एकही अक्षर लागलं नाही.