सतरा फाटकांवरचे कागद

ही गोष्ट २०१९ सालची. त्या वर्षी लिपोव दोल गावच्या शाळेत एकवीस घरांतली सत्तावीस मुलं उरली होती, आणि त्यातल्या सोळा घरांत आई-बाप नव्हते. कुणी स्पेनमध्ये काचघरांत टोमॅटो तोडत होतं, कुणी जर्मनीत विटा रचत होतं, कुणी इटलीत दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आयांना न्हाऊ-माखू घालत होतं. मुलं आजी-आजोबांकडे. याच शाळेत एके काळी चारशे मुलं होती. दोन पाळ्यांत वर्ग भरायचे, आणि मे महिन्यात अक्षरांच्या सणाला, म्हणजे आपल्या लिपीच्या दिवशी, मुली पिओनीच्या फुलांचे एवढाले हार आणायच्या की दरवाजा शोधावा लागायचा. स्तोइना मिरचेवाने ते सगळं लहानपणी पाहिलं होतं. आता ती चोपन्न वर्षांची होती, गणित शिकवत होती आणि सहा वर्षांपासून मुख्याध्यापिका होती.

आदल्या नोव्हेंबरात जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाने तीस टॅबलेट पाठवले आणि सोबत फोनवरची वही दिली. म्हणजे मुलाचे गुण, गैरहजेरी, शिक्षकांचा शेरा, सगळं आई-बापांनी आपापल्या फोनवर पाहायचं, मग ते कुठेही असोत. पत्रात अटही होती. पंधरा मेपर्यंत निदान पंधरा घरांतल्या आई-बापांनी वही स्वतः उघडलेली हवी, आणि एका पालकसभेला तेवढेच हजर हवेत, समोर किंवा पडद्यावर. नाहीतर शाळा बंद आणि मुलं बसने एकोणीस किलोमीटरवरच्या गावी.

वही उघडली की त्या घराच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा. झालं, स्तोइनाचं लक्ष उडालं. मिरच्या भाजताना ती ठिपके बघायची, फळ्यावर समीकरण अर्धं टाकून बघायची, जेवता जेवता उठून बघायची.

"बाई, दूध नुसतं बघत बसलं की लवकर तापतं का?" सचिव गिंका म्हणायची. गिंका त्या शाळेत सव्वीस वर्षं होती. बाईंना बोलायचा हक्क तिने कुणाला विचारून घेतलेला नव्हता.

"अकरा झाले गं. डिसेंबरात चार होते."

"मग बसा की जरा."

"बसते," असं म्हणून स्तोइना खिडकीपाशी जायची आणि तिथून पुन्हा टेबलापाशी यायची.

एप्रिलच्या शेवटी एका मंगळवारी तिला जरा विचित्र दिसलं. सातवीतल्या रालित्साच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि तिची आई मागदा हिने नोव्हेंबरापासून एकेचाळीस दिवसांच्या रजेची कारणं लिहून पाठवली होती. ताप, घसा, पोट, पुन्हा ताप. मागदा इटलीत होती. तिथून तिला लेकीचा घसा कसा दिसत होता?

स्तोइना तशीच उठून त्यांच्या घरी गेली. रालित्साची आजी वेलिका फाटकापाशी बाकावर बसली होती, अंगात काळी लोकरी जाकीट, ऊन असूनही.

"ये गं स्तोइना. सुट्टीच्या दिवशी बरी वाट चुकलीस."

"सुट्टी कसली, वेलिका आजी? मंगळवार आहे."

"असं? मग रविवार गेला वाटतं." म्हातारी हसली. "मागदाचा फोन येऊन गेला असेल."

त्या बोलण्यावर स्तोइनाने थांबायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात ठिपके होते. तेवढ्यात रालित्सा पिठाचे हात घेऊन बाहेर आली, आणि बाईंना पाहून जागच्या जागी उभी राहिली.

"काल तुझ्या आईने लिहिलंय, तुला ताप आहे."

"होता."

"आईने लिहिलं, की तू?"

मुलीने हात एप्रनला पुसले. "मी. आईचं खातं मीच उघडलं. तिला कुठे वेळ आहे, बाई? तिकडे सांभाळते त्या म्हातारीला ती रात्री तीनदा उठवते."

"आणखी कुणाची उघडलीस?"

"सहा जणांची. त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आयांना जमत नाही आणि आज्यांना दिसत नाही." मग ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुम्हाला पंधरा हवेत ना? उरलेले मी दुपारपर्यंत करून देते. कुणाला कळणार आहे?"

स्तोइना तशीच परतली. म्हणजे अकरांतले सात खोटे. खरे फक्त चार.

पुढचे सहा दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मुलीने चुकीचं ते काय सांगितलं होतं? पंधरा ठिपके लागले असते, पडद्यावर पंधरा चौकोन दाखवले असते, कार्यालयातल्या साहेबांनी सही केली असती. शाळा वाचली असती. ती रस्त्याने चालायची आणि ठरवायची की हो म्हणू. घरी पोचेपर्यंत ते मोडायची. पोरं वर्गातही आणि फोनमध्येही पोरंच, आई-बाप कुठेच नाहीत, अशी शाळा वाचवून ती कुणाला देणार होती? सातव्या दिवशी सकाळी कोट न काढताच ती गिंकापुढे उभी राहिली.

"गिंका, खरी सभा घ्यायची आहे, पण फोनवर निरोप पाठवून कुणी वाचत नाही. आज्यांपर्यंत पोचायचं कसं, सांग."

"त्यात काय. आपल्या गावात फाटकावर लावलेलं सगळे वाचतात. कागद काढू."

हे तर खरंच होतं. माणूस गेलं की त्याचा फोटो असलेला काळ्या चौकटीचा कागद आमच्याकडे घराच्या फाटकावर, खांबावर, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. त्या वर्षांत गावात चालू छपाईयंत्र एकच उरलं होतं, शाळेतलं, त्यामुळे हे सगळे कागद गिंकाच काढायची. कागदावर फोटो कुठे असावा, नाव केवढं असावं, हे तिच्या बोटांना पाठ झालं होतं.

ज्या सतरा घरांचे आई-बाप वहीत नव्हते, त्या घरांसाठी तिने सतरा कागद केले. वर मुलाचा वर्गातला फोटो, खाली नाव आणि मजकूर, रालित्साच्या कागदावर असा: "शाळेत तिची जागा रिकामी आहे. गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता शाळेत जमू या. शिक्षक आणि वर्गसोबती." भोवती छानशी निळी चौकट. स्तोइनाने पडद्यावर बघितलं, दोन मिनिटांत मान्य केलं आणि तासाला पळाली. यंत्रातली रंगीत शाई केव्हाच संपली होती. निळं सगळं काळं छापलं गेलं. गिंकाच्या हाताखालून असे कागद इतक्या वर्षांत इतके गेले होते की तिला त्यात काही वेगळं दिसलंच नाही.

गुरुवारी पहाटे, नीट उजाडायच्या आत, स्तोइना खळीचा डबा आणि ब्रश घेऊन निघाली. पहिल्या तासाआधी परतायचं होतं, म्हणून ती जवळजवळ धावतच होती. फाटक, खळ, कागद, हाताने सपाट करायचा, पुढचं फाटक. सतरा झाले. नववर्षानंतर पहिल्यांदा तिला काहीतरी हातून पार पडल्यासारखं वाटलं.

साडेसातला आरडाओरडा सुरू झाला. आधी वरच्या आळीत, मग चर्चच्या बाजूला. एका आजोबांनी कागद फाडून शाळेच्या पायरीवर फेकला आणि काठी आपटत उभे राहिले. बाकीच्या घरांत मूल समोरच झोपलेलं किंवा दूध पीत असलेलं, त्यामुळे शिव्यांवर भागलं. वेलिकाच्या घरी तसं भागलं नाही. म्हातारीने फाटकावर नातीचा फोटो आणि काळी चौकट पाहिली आणि तिथेच जमिनीवर बसली. नात स्वयंपाकघरात होती, पण म्हातारीच्या ध्यानात ते राहिलं नाही. ती नाव घेऊन घेऊन रडू लागली, केस मोकळे सोडून, जुन्या पद्धतीने. शेजारीण दोन फुलं घेऊन धावत आली. मेलेल्याला आम्ही फुलं सम संख्येत देतो. आणखी कुणीतरी कागदाचा फोटो काढून गावच्या फोनगटावर टाकला.

शाळेतला फोन वाजला तेव्हा तो स्तोइनानेच उचलला.

"बाई," पलीकडून अगदी सपाट आवाज आला, "मी मागदा. माझी मुलगी कधी गेली?"

स्तोइनाला क्षणभर काही कळेचना. मग खिडकीतून पायरीवरचा तो कागद तिला दिवसाउजेडी दिसला.

"मागदा, ती जिवंत आहे. ऐक, ती घरी आहे. ती सभेची सूचना होती. माझी चूक झाली."



"सभा किती वाजता आहे?" मागदाने विचारलं.

"सहाला."

"मी असेन. तुम्हीही असा."

त्या संध्याकाळी शाळेच्या सर्वांत मोठ्या वर्गात उभं राहायला जागा नव्हती. समोर आजी-आजोबा आणि गावातच असलेले पाच घरांचे आई-बाप, भिंतीवर पडद्यात बारा चौकोन: कुणी कारखान्याच्या कपड्यांत, कुणी काचघरात, कुणी ट्रकच्या आसनावर. गिंका आल्यापासून रडत होती. स्तोइनाने तिला मागे बसवलं आणि स्वतः फळ्यापाशी गेली.

"कागद मी लावले," ती म्हणाली.

"लावलेस ते दिसलं. डोळे कुठे ठेवले होतेस?" काठीवाले आजोबा म्हणाले. "माझा नातू जिवंत असताना मी तो मेलेला वाचायचा?"

"उद्या राजीनामा दे," एका चौकोनातून कुणीतरी म्हणालं.

"देईन. आज सभा घेते." तिने वही पडद्यावर उघडली. कोण किती दिवस आलं नाही, कोणाच्या रजेची पत्रं कोणी लिहिली, सगळं सांगितलं. रालित्साने सात घरांची आई होऊन दाखवलं, हेही. मुलांच्या रांगेत माना खाली गेल्या.

मागदा पडद्यावर अगदी जवळ आली. "राली. एकेचाळीस दिवस तू कुठे होतीस?"

"घरी."

"का?"

रालित्सा उभी राहिली. "आजी गॅस उघडा ठेवते. एकदा बाहेर गेली आणि नदीपर्यंत पोचली. घरी कसं यायचं ते तिला आठवेना. तुला सांगितलं असतं तर तू काम सोडून आली असतीस."

वेलिका दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने नातीचा हात धरला आणि शेजारणीला विचारलं, "कुणाबद्दल चाललंय?"

स्तोइनाला तो मंगळवार आठवला, म्हातारीने सुट्टीचा दिवस म्हटलेला.

मागदा रडली नाही. ती म्हणाली, "गावात कुणी नव्हतं का माझ्या आईला बघायला?"

काठीवाले आजोबा खाकरले. "आम्हाला कुणी सांगितलं नाही. सकाळी मी बसेन तिच्याकडे. तसाही बाकावरच बसतो, तिच्या बाकावर बसेन."

"दुपारी मी," फुलं आणणारी शेजारीण म्हणाली. "पण फोनवर काय दाबायचं ते मला कुणीतरी दाखवा. माझा मुलगा तिकडून बघतो आणि इकडे मी आंधळी."

मग लोक उठले ते रांगेत. रालित्साने उघडलेली खाती मुलांनी आपापल्या आई-बापांच्या हाती दिली. दहा वाजेपर्यंत स्तोइना एका फोनपासून दुसऱ्या फोनपाशी फिरत होती. शेवटी तिने भिंतीकडे पाहिलं तेव्हा ठिपके सतरा होते.

पुढच्या आठवड्यात कार्यालयाला तक्रार गेली. त्याआधीच स्तोइनाने स्वतः पत्र लिहून पाठवलं होतं. त्यात गिंकाचं नाव नव्हतं. शाळा राहिली. स्तोइनाला मुख्याध्यापिकेच्या जागेवरून काढलं. गणित शिकवायला मात्र ठेवलं, कारण त्या पगारावर लिपोव दोलला यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. ती आणखी चार वर्षं शिकवून निवृत्त झाली.

गिंकाने त्यानंतर एकही मृत्यूचा कागद छापला नाही. लोक शहरात जाऊन छापून आणू लागले. दोन वर्षांनी तीही निवृत्त झाली आणि मुलाकडे प्लोव्दिवला राहायला गेली. काठीवाले आजोबा वेलिकाच्या बाकावर पुढच्या हिवाळ्यापर्यंत बसले आणि फेब्रुवारीत त्याच बाकावर गेले. वेलिका त्यांच्यानंतर वर्षभर जगली. शेवटी शेवटी ती नातीला मागदा म्हणायची. रालित्साला ते चालायचं.

रालित्साने सातवीचं वर्ष पूर्ण केलं, शहरात माध्यमिक शाळा केली आणि आता प्लेवेनला परिचारिकेचं शिक्षण घेते. मागदा २०२० च्या उन्हाळ्यात इटली सोडून परत आली आणि शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. त्या सकाळचं तिने स्तोइनाला कधी माफ केलं नाही. एकाच इमारतीत तीन वर्षं असूनही दोघी कधी एका टेबलावर कॉफी प्यायल्या नाहीत. पण शहरातल्या शाळेत लेकीचे गणिताचे गुण घसरले की मागदा फोनवरची वही उघडून, हात पुसत वर्गाच्या दारात येऊन उभी राहायची. स्तोइना तिला वहीतलं ते पान समजावून सांगायची, आणि दोघी खाली मान घालून ते शेवटपर्यंत वाचायच्या.