साळूकाका येतात तेव्हा

"आता शिंका," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बाई म्हणाली. "तीन लहान, दोन मोठ्या. मग दचकणं घेऊ."

तो शिंकला. एकामागून एक, पाच.

"चौथी परत द्या, काका. ती तुमची वाटली. साळूकाकांची नाही."

त्याने पाणी प्यायलं, मान वाकडी केली, नाक थोडं दाबल्यासारखं केलं आणि साळिंदर शिंकलं. बाईने अंगठा दाखवला आणि आधीची चौथी पुसून टाकली.

बुधवार होता. शनिवारी त्याचं स्वरयंत्र काढणार होते. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं होतं, त्यात एक गोल करून गोलावर फुली मारली होती. जगाल, बोलणार नाही, असा एकूण हिशोब. आणि इकडे 'ठिपका आणि मंडळी' या कार्टूनचे अजून शंभरेक भाग यायचे होते. म्हणून दोन दिवस त्याच्याकडून सगळं घेऊन ठेवत होते. हसणं, कण्हणं, जांभया, शिंका, दीडएक हजार सुटी वाक्यं. पुढचं कॉम्प्युटर जुळवून घेईल, असं वरून सांगितलं होतं.

चौदा वर्षं तो साळूकाका होता. ठिपका नावाचं हरणाचं पाडस रोज काहीतरी उद्योग करून ठेवतं, आणि शेजारी राहणारं म्हातारं साळिंदर येऊन तो निस्तरतं. एवढीच गोष्ट. तिसऱ्या मिनिटाला घोळ, सहाव्याला रडारड, नवव्याला साळूकाका. "चूक झाली ना? चला, दुरुस्त करू." मग मिठी आणि गाणं. अकरा मिनिटं, खेळ खलास. एकदाही असं झालं नाही की तुटलेलं तुटलेलंच राहिलं.

ठिपक्याचा त्याला मनापासून राग यायचा. आगाऊ कार्टं. दहा वेळा सांगितलेलं ऐकणार नाही, आणि दर वेळी वाचणार. साळूकाकांचाही यायचा. इतकं गोड माणूस असतं का कुठे? इकडे स्वतःच्या घरात नळ गळत असायचा आणि हा तिकडे पूल बांधायचा. पण ज्या दिवशी डॉक्टरांनी ती फुली मारली, त्या दिवशी घरी येऊन त्याने एका दमात तीन भाग पाहिले. पुढे काय होणार हे माहीत असलेलं काहीतरी त्याला हवं होतं. मुलगी शेजारी होती. आठ वर्षांची. तिला सगळं पाठ होतं, तरी नवव्या मिनिटाला ती खूश झाली.

त्याचा स्वतःचा आवाज मात्र अगदीच साधा. भाजीवाल्याने दोनदा "काय?" विचारावं असा. बायको चिडवायची, की मी लग्न केलं ते साळूकाकांशी, तुम्ही आपले बरोबर आलात. लग्नकार्यात, शाळेत, बँकेच्या रांगेतसुद्धा लोक म्हणायचे, जरा बोलून दाखवा ना. तो दाखवायचा. मुलीला भरवताना साळूकाका, पाढे घेताना साळूकाका, ताप आला की साळूकाका. पुढेपुढे असं झालं की समोर माईक आला, नुसता कुणी फोन जरी धरला, की गळा आपोआप तिकडे वळायचा.

गुरुवारी संध्याकाळी बायकोने यादी केली. नववा वाढदिवस, दहावा, असे अठरापर्यंत. दहावीचा निकाल. कॉलेजचा पहिला दिवस. पोरीसाठी बोलून ठेवा, म्हणाली. यादी वाचताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. तिने रडणं आधीच कुठेतरी उरकलं असावं.

त्याने उशीवर फोन उभा केला. समोर बसला.

"बाळा, मी बाबा बोलतोय," एवढं म्हणाला आणि थांबला. कसंतरीच वाटलं. उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणून शेजाऱ्यांना सांगायला आल्यासारखं. पुढचं वाक्य म्हणायच्या आधीच डोळे भरायला लागले.

मुलगी दारात उभी होती. "असं नको ना बाबा. साळूकाकांच्या आवाजात."

त्याला सुटल्यासारखं झालं. खरंच सांगायचं तर हायसं वाटलं. तासाभरात त्याने अख्खी यादी संपवली. साळूकाकांना रडू येत नाही, त्यांचं काम कसं झटपट होतं. मुलगी गादीवर लोळून हसत होती. अठराव्या वाढदिवसाला तर त्याने काट्यांत फुगा अडकून फुटतो तोही आवाज काढला.

"आता एक तुमच्या आवाजात करा," बायको म्हणाली.

"उद्या करतो. दमलोय."

शुक्रवारी सकाळी उठला तर गळा बंद. दोन दिवस ओरडून, हसून, शिंकून जे काय उरलं होतं ते संपलं होतं. नुसती हवा. बायकोने मीठपाणी दिलं, वाफ दिली. दुपारी दवाखान्यातून फोन आला, संध्याकाळीच भरती व्हा.

मग पाटी आली. मुलीची जुनी, लाकडी चौकटीची. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. पहिले काही महिने दुखणं, ड्रेसिंग, गिळायला शिकणं यातच गेले. नववा वाढदिवस आला. बायकोने रेकॉर्डिंग लावलं, जमलेली पोरं साळूकाका साळूकाका करून नाचली. मुलगी नाचली नाही, पण हसली.

पाहुणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात आईला ताटल्या पुसून देत होती. तो भिंतीच्या अलीकडे खुर्चीत होता.

"आई, बाबांचा आवाज कसा होता गं?"

"अगं, आत्ता तर ऐकलास."

"तो साळूकाकांचा. बाबांचा कसा होता? मला आठवायला गेलं की तोच येतो."

ताटल्यांचा आवाज थांबला. बायको म्हणाली, असेल कुठेतरी, शोधू.

दोघींनी रात्रीच्या जेवणापर्यंत फोन उपसला. वाढदिवसाचे व्हिडिओ, सहलीचे, बारशाचे. सगळीकडे साळूकाका. लग्नाच्या कॅसेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई. त्या उशीवरच्या फोनमधलं 'बाबा बोलतोय'? ते त्याने स्वतःच पुसलं होतं. वाया गेलेला टेक पुसायचा, ही चौदा वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी तो पाटी घेऊन स्टुडिओत गेला. बाई संध्याकाळी लागणारा नवा भाग शेवटचा जुळवून पाहत होती. साळूकाका पतंगाबद्दल काहीतरी सांगत होते. त्याने ही वाक्यं जन्मात कधी म्हटली नव्हती.

"बघा काका, हुबेहूब तुम्ही," बाई म्हणाली.

त्याने पाटीवर लिहिलं : दोन टेकच्या मध्ये मी बोलायचो, ते आहे का?

बाईने वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका, तो नियम तुमचाच ना," ती हळू म्हणाली.

हो, त्याचाच. पहिल्याच आठवड्यात मधल्या वेळात त्याने ठिपक्याला सणसणीत शिवी हासडली होती, ती तशीच वरपर्यंत गेली आणि पार शोभा झाली. तेव्हापासून त्याने ठरवून दिलं होतं, माझं बोलणं त्याच दिवशी पुसायचं. बाईने चौदा वर्षं न चुकता पुसलं होतं. तरी तिने दोन तास जुन्या फायली उघडल्या. एका ठिकाणी खुर्ची करकरली. एका ठिकाणी पाण्याचा पेला ठेवल्यासारखं वाटलं. बस.

त्याने लिहिलं : ती चौथी शिंक?

बाईने नकारार्थी मान हलवली. मग चष्मा काढून पुसत बसली, बराच वेळ.

घरी त्याने पाटीवर 'नाही' लिहून दाखवलं. मुलीने वाचलं, 'बरं' म्हणाली आणि टीव्ही लावला. सहाला ठिपका लागतो. तो येऊन शेजारी बसला.

नवाच भाग होता, पण नवा म्हणजे काय? तिसऱ्या मिनिटाला पतंग फाटला. सहाव्याला ठिपका रडला. मुलीने रिमोट हातात घेतला. साळूकाका अजून दिसायचे होते, झाडामागून काटे तेवढे हलले, आणि तिने आवाज बंद केला. एक क्षण आधी, बरोबर. साळूकाका आले, ठिपक्यापाशी बसले. त्यांचं तोंड उघडत मिटत होतं. चूक झाली ना. चला.

त्याने पाटी उचलली आणि तशीच मांडीवर ठेवली.

खोलीत दुसरा आवाज नव्हता. फक्त त्याच्या गळ्यातल्या जाळीतून हवा आत जात होती, बाहेर येत होती. मुलगी पडद्याकडे पाहत नव्हती. मान थोडी त्याच्या बाजूला कलती करून ती ऐकत होती.

पडद्यावर मिठी झाली. साळूकाका निघून गेले. तिने बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं.