अल्बममधली एकवीस नाणी

घरात तिला पाठीमागे तोफ म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा अभिमानच होता. प्लास्टिकच्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर तिने वीस वर्षं काढली ती काही गोड बोलून नाही. शीटला जराशी सुरकुती दिसली की अख्खा रोल परत, आणि वर मशीनवाल्याला चार शब्द.

त्या शुक्रवारी दुपारी तोफ डागली गेली ती वहिनीवर.

"हे काय आहे?" तिने अल्बम जेवणाच्या टेबलावर आपटला. "वहिनी, काय करून ठेवलंय हे तुम्ही?"

वहिनी कात्रीने पुठ्ठ्याची छोटी कार्डं कापत होती. रविवारी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं आणि त्यात बाबांना, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, पहिल्यांदाच स्वतःची काचेची पेटी मिळाली होती. तीच मांडून द्यायला ती रजा टाकून माहेरी आली होती. आली, हातपाय धुतले, अल्बम काढला, आणि तिचं डोकंच फिरलं. प्लास्टिकच्या खिशांतल्या चांदीच्या एकवीस नाण्यांवर हिरवा चिकटा धरला होता. बोट लावलं की शेंबडासारखी तार निघत होती.

ही नाणी म्हणजे बाबांचा जीव की प्राण. जन्मभर त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले आणि उरलेल्या वेळात नाणी पिकवली. पिकवली हा त्यांचाच शब्द. चांदीचं नाणं साध्या कागदाच्या पाकिटात घालायचं, लाकडी खणात ठेवायचं आणि गप्प बसायचं. बाकीचं हवा बघते. आधी कडेला फिकट पिवळा चढतो, मग मधासारखा, मग तांबूस, मग जांभळा, आणि नशीब असेल तर शेवटी मोरपंखी निळा. त्याला तीस-चाळीस वर्षं लागतात. भट्टीत भाजून घाईघाईने रंग चढवलेलं नाणं बाबा लांबून ओळखत आणि तोंड वाकडं करत. घासून चकचकीत केलेल्याला तर ते 'सोललेलं' म्हणत, आणि तसं नाणं हातातही धरत नसत. या सगळ्यांत त्यांचं लाडकं होतं ते मोठं, तळहात भरेल एवढं. पहिल्या नोकरीवर जाताना त्यांच्या आईने ते दिलं होतं. साठ वर्षं ते पिकत होतं आणि रविवारी पेटीच्या मधोमध बसणार होतं.

"ओल्या हातांनी हाताळलीत ना?" ती म्हणाली. "की माळ्यावर कोंबला होतात अल्बम? दमट जागा शोधून काढलीत का मुद्दाम?"

"माळ्यावर नव्हता, ताई."

"मग कुठे होता? तोंडातून शब्द फुटू द्या की जरा. साठ वर्षं नासवलीत बाबांची, आणि कार्डं काय कापत बसलाय?"

वहिनीने कात्री खाली ठेवली.

अल्बममधून एक वास येत होता. गोडसर, नाकात बसणारा. तो वास तिच्या चांगला ओळखीचा होता, पण त्या क्षणी तिला तो ओळखायचा नव्हता. मऊ प्लास्टिकमध्ये तेल घालतात आणि वर्षं उलटली की ते तेल हळूहळू बाहेर येतं. कारखान्यात म्हणत, शीटला घाम सुटला. असा घाम सुटलेला किती माल तिने स्वतः परत पाठवला होता. तो विचार डोक्यात डोकावला तसा तिने आवाज आणखी चढवला.

"दादाला येऊ दे संध्याकाळी. त्यालाच विचारते, तुझ्या घरात..."

"तिला कशाला बोलतेस?" दारातून बाबा म्हणाले. भिंतीला हात लावत ते आत आले आणि खुर्चीची पाठ चाचपून बसले. "अल्बम तुझा आहे."

होता तिचाच. पहिल्या पगारात तिने तो शिवून घेतला होता. प्लास्टिक तिच्याच कारखान्याचं, तिने स्वतः पास केलेल्या पहिल्या रोलमधलं. तिने तो बाबांच्या हातात ठेवला तेव्हा तिची छाती फुगली होती.

"मऊ प्लास्टिक नाण्याला खातं," बाबा म्हणाले. "तू आणलास त्या दिवशीच मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारलं होतं की. म्हणालीस, आमचा माल आहे, काही होत नाही. म्हणून दोन महिने ठेवली आणि मग गुपचूप पाकिटात परत घातली. तू आलीस, रिकामे खिसे बघितलेस. काय केलंस आठवतंय?"

तिला आठवत होतं. माझ्या मालाला काय धाड भरलीय, असं म्हणून ती भरल्या ताटावरून उठली होती आणि पुढे महिनाभर तिने फोन उचलला नव्हता.

"मग आम्ही दोघांनी युक्ती काढली," बाबा म्हणाले. "तू येणार म्हटलं की आदल्या दिवशी नाणी अल्बममध्ये. तू गेलीस की पाकिटात."

"सोळा वर्षं," वहिनी हळूच म्हणाली. "मग तुम्ही न कळवता यायला लागलात, ताई. कधी याल याचा नेम नसायचा. म्हणून गेली चार वर्षं अल्बममध्येच राहिली. चिकटा यंदाच्या पावसाळ्यात धरला."

हसावं की रडावं अशी गोष्ट होती, पण तिला आला तो संताप. सोळा वर्षं ही दोघं तिच्यासाठी नाणी आत-बाहेर करत होती आणि ती प्रत्येक वेळी अल्बम उघडून खूश होऊन परत जात होती.

"म्हणजे मला सांभाळून घेत होतात? मी काय कुक्कुलं बाळ आहे? तोंडावर सांगायची एकाचीही हिंमत नाही? जळली मेली ती युक्ती. चार दिवस चिडले असते, नाणी तर वाचली असती."

"महिनाभर," बाबा म्हणाले. "चार दिवस नाही."

मग त्यांनी हात झटकला. "जाऊ दे. गेली वीस तर गेली. मोठं वाचलंय ना, तेवढं बास. हिने कालच बघितलंय. कुठे आहे ते? दे इकडे."

मोठं नाणं पहिल्याच खिशात होतं, बाबांच्या नाकासमोर, हातभर अंतरावर. त्याच्यावर सगळ्यात जास्त हिरवा थर होता. वहिनीने कापलेल्या कार्डावर, बाबांनी सांगितलं तसं, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'कडेला तांबूस, मध्ये मोरपंखी निळा.' तिने कार्ड वाचलं, नाण्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांचे डोळे अल्बमवर नव्हतेच. ते टेबलाच्या कडेवर कुठेतरी लागले होते.

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये?"

"उजेड कळतो. रंग नाही कळत. दोन वर्षं झाली. तेही तुला सांगितलं नाही, बरोबर आहे. ओरड आता." त्यांनी तळहात पसरला. "आधी मोठ्याचा रंग सांग. हिला रंगांची नावं धड येत नाहीत, निळा म्हणते आणि थांबते. तू माल तपासणारी, तू नीट सांग. तांबूस कडा अजून आहे का? रविवारी लोक विचारतील."

बाबांच्या पाठीमागे उभं राहून वहिनीने दोन्ही हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली.

जन्मात पहिल्यांदा तिला खोटं बोलावंसं वाटलं. किती सोपं होतं. निळा आहे बाबा, मस्त पिकलाय, एवढंच म्हणायचं. रविवारी बाबा पेटीशेजारी बसले असते, आणि येणारा-जाणारा बघून गप्प राहिला असता, या घरातल्या माणसांसारखाच. तिला वहिनीचा राग आला, बाबांचा आला, आणि त्याहून मोठा राग आला तो स्वतःचा.

तिने नाणं खिशातून सोडवलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

"हिरवं पडलंय, बाबा. सगळं. चिकटा धुऊन निघेल, पण खाली खड्डे पडलेत. निळा कुठेच नाही. माझ्या प्लास्टिकनेच खाल्लंय."

बाबांनी नाण्यावरून अंगठा फिरवला. मग बोटं एकमेकांना चिकटतात का ते बघितलं. चिकटत होती.

आणि मग ते ओरडले. गिऱ्हाइकाने काटा अंगावर फेकला तरी ज्या माणसाचा आवाज चढला नव्हता, तो माणूस खिडकीची तावदानं हलतील असा ओरडला. आधी वहिनीवर. दिसत नाही म्हणून काहीही ऐकवायचं का मला, नाणं माझं आहे, माझ्या आईचं आहे, गेलं तर गेलं हे मला कळायला नको? वहिनी रडायला लागली तरी ते थांबले नाहीत. मग ते खुर्चीतच तिच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"आणि तू. तुझ्या भीतीने या घरात कुणी खरं बोलायचं सोडून दिलंय. मीसुद्धा. ऐकतेस का?"

उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, नेहमीच असायचं. ते तिने गिळलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"ऐकतेय," ती म्हणाली. "बोला."

बाबा बराच वेळ बोलले. वीस वर्षांचं साठलं होतं. काही गोष्टी खऱ्या होत्या, एकदोन चुकीच्या होत्या, आणि तिने एकही दुरुस्त केली नाही.