तीनशेच्या खाली

मिर्सिनीची पेन्शन पहिल्यांदा कापली तेव्हा गावानं तिचं अभिनंदन केलं.

तिचे वडील बंदरखात्यात अधिकारी होते. आमच्याकडे अशा अधिकाऱ्याची मुलगी बिनलग्नाची राहिली तर बापाच्या मागे त्याची पेन्शन तिला जन्मभर मिळे. लग्न केलं की बंद. मिर्सिनीनं लग्न केलं नाही. बावीस वर्षं स्टाथिसबरोबर संसार केला, एवढंच. स्टाथिस बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. कधी खिशात पैसे, कधी हाताला नुसतं काळं तेल. त्यामुळे घरात नेमानं येणारी रक्कम एकच, मेलेल्या सासऱ्याची.

कागदोपत्री स्टाथिस गल्लीच्या पलीकडे, स्वतःच्या घरी राहायचा. रोज दिवेलागणीला तिकडे जाऊन स्वयंपाकघरातला दिवा लावायचा, म्हणजे मीटर फिरल्याचं दिसावं, आणि गल्ली ओलांडून जेवायला परत यायचा. हे गुपित गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पोस्टमन त्याची पत्रं सरळ मिर्सिनीच्या दारात टाकायचा.

मग देशाचं कर्ज अंगावर आलं. तीनशे अब्जांच्या वर, असं टीव्हीवरचे लोक सांगत होते आणि सांगताना आमच्याकडेच बघत होते. सहाशे चाळीस युरोंची पेन्शन पाचशे अठ्ठ्याऐंशी झाली. त्या दिवशी कॉफीच्या दुकानात स्टाथिसनं जाहीर केलं, "तीनशेच्या खाली गेली की लग्न. त्यापेक्षा कमी पैशात हिला कुमारिका ठेवणं मला परवडत नाही."

"तीनशेला नाही हं," मिर्सिनी म्हणाली. "तीनशेच्या खाली."

तेव्हापासून गावाला हिशेबच सापडला. बाकीच्यांची पेन्शन कापली की तोंडं उतरत. मिर्सिनीची कापली की कुणीतरी कॉफी पाजे. पाचशे अकरा. चारशे तीस. "चला, साखरपुड्यापर्यंत आलो," बेकरीवाली म्हणायची. मी गावातला एकुलता छापखानेवाला. कुणाला कॅलेंडरसुद्धा फुकट देत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. पण कॉफीच्या भरात मी शब्द देऊन बसलो, की यांच्या लग्नाच्या पत्रिका फुकट. पुढल्या खेपेला पात्रास शहरात गेलो तेव्हा जाड, सोनेरी काठाचा कागदही घेऊन आलो. बिल अजून जपून ठेवलंय.

मधल्या काळात सरकारनं घरांवरचा कर विजेच्या बिलात घातला. रिकाम्या घरातला तो दिवा महाग झाला. मी एकदा पाकिटावर आकडे मांडून स्टाथिसला दाखवले.

"दिवा आणि कर वजा केला तर तुम्ही तीनशेच्या खाली कधीच गेलायत. लग्न करून टाका."

"कोस्मास, बोली पेन्शनची झाली होती. वजाबाकीची नाही," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द."

साठीचा माणूस, पण वधूपक्षाशी बोलणी चालल्यासारखा मान ताठ करून बसला होता. आम्ही हसलो. मीही हसलो.

२०१४च्या जानेवारीत पेन्शन तीनशे बारावर आली. बारा युरो उरले. उन्हाळ्यात पुढची कात्री लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याच महिन्यात पेन्शन कचेरीनं सगळ्या बिनलग्नाच्या मुलींना बोलावून एका कागदावर सही घेतली: मी अविवाहित आहे, कुणाबरोबरही बायकोसारखी राहत नाही, हे खोटं ठरल्यास आजपासून घेतलेले पैसे परत करीन. कागद पुढे सरकवणारा कारकून अर्गिरिस. गेल्याच वर्षी स्टाथिसच्या नामदिनाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या सणाला, तो यांच्या घरी नाचला होता. मिर्सिनीनं सही केली, त्यानं शिक्का मारला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मार्चच्या शेवटी एका संध्याकाळी स्टाथिस दिवा लावायला गेला. मिर्सिनीला खिडकीतून उजेड दिसला, म्हणून तिनं मसुराची आमटी वाढली. आमटी निवली तरी तो परतला नाही. ती गेली तेव्हा तो दिव्याखालीच पडलेला होता. आमच्या दवाखान्यातला संध्याकाळचा डॉक्टर सरकारी काटकसरीत गेला होता, म्हणून रुग्णवाहिका दुसऱ्या गावाहून आली. पन्नास मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती छापखान्यात आली. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा कागद छापून खांबाखांबावर चिकटवतात: अमुक आपल्याला सोडून गेले, अंत्यविधी अमुक वाजता, आणि खाली घरच्यांची नावं, नात्यानं. पात्रासहून स्टाथिसच्या बहिणीनं फोनवरून मजकूर सांगितला होता: बहीण वासो, भाचे, इतर नातेवाईक, स्नेही.

मजकूर घरच्या कुणीतरी मोठ्यानं वाचून बघायचा, हा माझा नियम. मी पहिली प्रत तिच्या हातात दिली. तिनं संथ वाचलं. शेवटच्या ओळीला थांबली.

"यात मी कुठे?"

"स्नेहींमध्ये," मी म्हणालो. "वासोनं मुद्दामच तसं सांगितलं असणार. तुझ्याच भल्यासाठी."

"माहीत आहे. मीच तिला सांगितलं." तिनं कागद टेबलावर सरळ केला. "काल गाडीतल्या पोरीनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हटलं, शेजारीण. विचार न करता म्हटलं, कोस्मास. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

मी कागद उचलायला गेलो, तेव्हा तिनं त्यावर बोट ठेवलं.

"बहिणीच्या वर एक ओळ घाल. पत्नी, मिर्सिनी."

"मिर्सिनी, तू सही केलीयस."

"केलीय."

"ऐक जरा. लग्न झालं नाही म्हणून विधवेची पेन्शन तुला नाही. आणि ही ओळ छापली की बापाचीही जाईल. दोन्हीकडून जाशील. शिवाय तीन महिन्यांचे परत द्यावे लागतील, नऊशे छत्तीस."

"तुझा हिशेब पक्का असतो," ती म्हणाली. "बावीस वर्षं तो दिवा जळला. त्याचे किती झाले?"

"ते कसं काढणार?"

"मग राहू दे. ओळ घाल."

मी ओळ घातली. पंचेचाळीस प्रती निघाल्या. हात थांबत होता, पण यंत्र माझ्या हातावर चालत नाही.

दुपारी अर्गिरिस आला. बेकरीसमोरचा कागद त्यानं वाचला होता. टोपी हातात घेऊन तो दारातच उभा राहिला.

"कोस्मास, हे चुकून पडलंय ना?"

"काय?"

"ती वरची ओळ. छपाईची चूक असेल तर तू मला दोन ओळी लिहून दे. मी फाइलला लावतो. छापखान्याची चूक म्हटल्यावर कोण विचारतंय? नाहीतर आज ना उद्या कुणीतरी कळवेल, आणि टेबल माझं आहे."

"तू स्वतः कळवणार नाहीस?"

"माझ्या बायकोचा पगार गेला, कोस्मास. माझा अजून आहे. तो कशामुळे आहे ते मला विचारू नकोस." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "अंत्यविधी किती वाजता?"

"कागदावर लिहिलंय."

"ती वरची एकच ओळ वाचली मी," तो म्हणाला आणि गेला.

मी दोन ओळी लिहिल्या. नजरचुकीनं, मजकूर जुळवताना, वगैरे. सही केली, दुकानाचा शिक्का मारला. अंत्यविधीनंतर, दफनभूमीबाहेरच्या दुकानात कॉफी आणि ब्रँडी फिरत असताना, तो कागद तिच्यासमोर ठेवला. तिनं चष्मा लावून वाचला.

"चाळीस वर्षं छापतोयस तू. किती चुका झाल्या?"

"एकही नाही." हे खरं आहे, आणि मी ते सगळ्यांना सांगत असतो.

"आणि पहिली माझ्याच नावाची व्हायची?"

तिनं कागदाची घडी घातली, माझ्या कोटाच्या खिशात ठेवली आणि वरून हातानं थोपटली. पलीकडच्या टेबलावर अर्गिरिस बसला होता. त्यानं सगळं पाहिलं आणि ब्रँडी संपवली.

पत्र चोविसाव्या दिवशी आलं. आमच्या कचेऱ्यांनी इतक्या झपाट्यानं काही केल्याचं मला आठवत नाही. पेन्शन बंद, नऊशे छत्तीस परत, हप्त्यानं चालेल. देशाचं कर्ज महिन्याला तीनशे बारानं हलकं झालं. तिनं पलीकडच्या घराची वीज तोडायला सांगितली आणि मासळीच्या गोदामात सार्डिन साफ करायला जाऊ लागली. वय अठ्ठावन्न. गावात कुणी तिचं अभिनंदन केलं नाही. बेकरीवालीनं पावाचे पैसे घ्यायला नकार दिला, तर ती ते गल्ल्यावर ठेवून निघून आली.

चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेचा कागद छापायला ती आली तेव्हा हाताला मासळीचा वास होता.

"मजकूर तोच?" मी विचारलं.

"तोच. पहिली ओळ पहिलीच."

फडताळात तो सोनेरी काठाचा कागद अजून तसाच होता. काळ्या मजकुराला असा कागद शोभत नाही. मी तोच लावला. तिनं प्रत उचलली, काठावरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, नियमाप्रमाणे. कुठे थांबली नाही.

"किती?"

"या फुकट द्यायच्या कबूल केल्या होत्या."

"पत्रिका कबूल केल्या होत्यास. हे ते नाही." तिनं वीस युरो टेबलावर ठेवले. "शब्द म्हणजे शब्द. आणि पावती दे."

पावती मी सहसा देत नाही. गावात कुणी मागतही नाही. सरकारी शिक्क्याचं पावतीपुस्तक खणाच्या तळाशी होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. मी रक्कम लिहिली, त्याखाली कर वेगळा काढून लिहिला.

"नावापुढे काय घालू?"

"स्टाथिसची बायको," ती म्हणाली. "सरकारदरबारी एकदा झालीच आहे ती नोंद."

मी तसंच लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत पावती हातात धरून उभा राहिलो.