सोनवेलीची सुरी

हिवाळा सरत आला होता. फ्लोरेन्सपलीकडच्या टेकड्यांवर फिकट, मधाळ, म्हातारं ऊन उतरत होतं. द्राक्षवेलींच्या उघड्या काटक्यांवर, सुरूंच्या श्यामल शिखरांवर रेंगाळत होतं. जणू उन्हालाही थकवा आला होता.

त्याच उन्हात लाझारो महालाची चढण चढत होता. लाझारो लोहार. लोहार कसला, लोखंडावर वसंत उमलवणारा माणूस! चाळीस वर्षं त्याने करवतींवर हरिणं धावती केली, रंध्यांवर डाळिंबं फुलवली. आणि चाळीस वर्षं ती सुवर्णांकित, लतामंडित हत्यारं महालाच्या भिंतींवर, जांभळ्या मखमलीवर निजून राहिली. एकानेही कधी लाकूड चाखलं नाही. तशी रीतच होती.

आज मात्र महालाच्या मालकीण बाईसाहेबांनी त्याला बागेत बोलावलं होतं, नासपतीच्या झाडापाशी. त्यांच्या गेलेल्या लेकीने लावलेलं झाड. एका फांदीला कीड लागली होती. काळी, ओली, खोडाकडे सरकणारी कीड. कळ्या फुटायच्या आत फांदी कापली नाही, तर झाड जाणार होतं. माळ्यांना त्यांनी हात लावू दिला नव्हता. लेकीचं झाड, त्याला आईचाच हात लागायला हवा.

बाईसाहेबांच्या हातात लाझारोनेच घडवलेली सुरी होती, मुठीपासून टोकापर्यंत सोनवेलींनी मढलेली. त्यांनी ती फांदीवर ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा. साल तशीच राहिली. तिच्यावर फक्त सोन्याची एक बारीक रेघ उमटली.

“लाझारो, ही कापत का नाही रे?”

“सोनं चढवायला पातं परत आगीवर धरावं लागतं, बाईसाहेब. त्यात पोलाद मऊ पडतं. धार राहत नाही.”

“ठाऊक होतं तुला?”

“होतं.” म्हातारा मातीकडे बघत राहिला. “हिने कुणी काही कापेल, असं वाटलंच नव्हतं.”

बोलला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. चाळीस वर्षं घडवलं, आणि आज या माउलीच्या हाती द्यायला एक धार नाही!

त्याने कमरेची सुरी काढली. काळी, उघडी, नक्षीविना. मूठ अंगठ्याच्या जागी झिजलेली. स्वतःसाठी घडवलेली तेवढीच. रोजचा पाव तो तिनेच कापी.

बाईसाहेबांनी ती ओढली. बोटभर जाडीची फांदी अलगद सुटून गवतात पडली. झाडावर उरलेल्या कापातलं लाकूड शुभ्र होतं, निरोगी होतं; कीड खोडात पोचली नव्हती. बाईसाहेब खोडाला बिलगून ढसाढसा रडल्या. सुरी परत द्यायचं त्यांना भान राहिलं नाही. त्याने मागितली नाही.

दिवेलागणीला लाझारोने पाव हातानेच तोडला; दमलेल्या, काजळलेल्या हातांनी तोडला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर खाल्ला.